आधी आपण, मग पेशंट

...आणि वर म्हणायचं काय, तर भीतीनं कुणी मरत नाही! अहो, म्हणायला काय जातं? तुम्हाला सांगतो, हे वाक्य मी गेल्या चार वर्षांत निदान चारशे वेळा म्हटलंय, खुर्चीत जरा पुढे झुकून, आवाज खाली आणून, मान अशी किंचित तिरकी करून... मान किती तिरकी करायची याचेसुद्धा आमच्याकडे मार्क आहेत, हसू नका. क्लिनिकल सायकॉलॉजीत डॉक्टरेट करतोय मी. गोळ्या देणारा डॉक्टर नाही, बोलणारा. म्हणजे होणार आहे. म्हणजे होईन की नाही, त्याचंच तर सांगतोय.

इथे अमेरिकेत, आयोवात, आमच्या विद्यापीठाचा दवाखाना तळमजल्यावर आहे. तिथे आम्ही शिकाऊ मंडळी खऱ्याखुऱ्या पेशंटांशी बोलतो, आणि खोलीच्या भिंतीला एक मोठा आरसा असतो. आपल्या बाजूनं आरसा, पलीकडून काच. पलीकडे अंधारात आम्हाला शिकवणाऱ्या स्टाउटबाई बसलेल्या असतात, वय बासष्ट, मांडीवर विणकाम. बाई कधी ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं हो. त्या फक्त विचारतात, "टॉबिन, इथे तू काय टाळलंस?" झालं, एवढंच. आणि दर बुधवारी आम्ही सहा जणांनी पेशंटबरोबरच्या बोलण्याच्या आपापल्या टेपमधली सगळ्यात वाईट दहा मिनिटं स्वतः निवडायची आणि सगळ्यांपुढे लावायची. चांगली नव्हे, वाईट! कुठल्या धंद्यात असं करतात, मला सांगा. सुतार कधी आपलं डुगडुगतं टेबल घेऊन चौकात बसतो का?

आता माझी गोम सांगतो. मला लिफ्टची भीती वाटते. थोडीबिडी नाही. ते दार बंद होताना रबराला रबर चिकटतं ना, त्या आवाजानं माझे तळहात ओले होतात, कानांना दडे बसतात. आमचे वर्ग सहाव्या मजल्यावर, आणि मी चार वर्षं जिना चढतोय. लोकांना वाटतं, पोराला व्यायामाची आवड आहे. दुसऱ्या वर्षी तर वर्गातल्यांनी मला पावलं मोजायचं घड्याळ भेट दिलं, टाळ्या वाजवून, आणि मी लाजत लाजत ते घेतलंसुद्धा!

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना कुणाला, सगळे मनाचे डॉक्टर तर आहेत भोवती. अहो, तिथेच तर मेख आहे. पहिल्या वर्षी आम्हाला गोल बसवून विचारलं होतं, आपापली भीती सांगा. पहिली मुलगी म्हणाली, चारचौघांत बोलायची. दुसरा म्हणाला, चारचौघांत बोलायची. माझा नंबर पाचवा. मी काय म्हणणार? म्हटलं, चारचौघांत बोलायची. आणि हे चारचौघांत, खणखणीत आवाजात. एकदा खोटं बोललं की ते सांभाळत बसावं लागतं, आणि भीतीनं कुणी मरत नाही हे खरं मानलं, तरी खोटं उघडं पडलं तर माणूस डॉक्टरेटमधून बाहेर पडतो, ही माझी पक्की समजूत.

तर यंदा सप्टेंबरात बाईंनी माझ्यापुढे एक फाइल सरकवली. "टॉबिन, सोपी केस आहे. लिफ्टची भीती." माझ्या हातून फाइल पडली नाही, एवढंच कौतुक. आणि नाही म्हणायची सोय नाही! कारण आमच्यात शेवटचं वर्षभर कुठल्यातरी इस्पितळात उमेदवारी करावी लागते, ती केल्याशिवाय डॉक्टरेट नाही. तिचा अर्ज एक नोव्हेंबरच्या आत जायचा, आणि अर्जावर बाईंची सही लागते, की हा मुलगा पेशंट बघायला तयार आहे. सही नाही तर वर्ष गेलं. घरी आई आत्तापासून चर्चमध्ये सांगत सुटलीय, आमचा टॉबिन डॉक्टर झाला म्हणून.

पेशंट कोण, तर हॉफमायरकाका. नाव बदललंय बरं का, तेवढं तरी मी शिकलोय. चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेला माणूस. काकूंना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांना आमच्या गावच्या इस्पितळात आठव्या मजल्यावर ठेवलं. काका रोज जिन्यानं आठ मजले चढायचे. थर्मास घेऊन, मजल्यामजल्याला बसत, बदललेल्या गुडघ्यावर. शेवटी गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. तेव्हापासून अकरा दिवस काका रोज संध्याकाळी खाली गाडी लावायचे, वर आठव्या मजल्याच्या खिडकीकडे बघून दिवे दोनदा उघडझाप करायचे, आणि घरी जायचे. हे त्यांनी मला सांगितलं, तेव्हा मला भरून आलं. खरंच आलं. आणि आमच्याकडे ते टेपवर दिसून चालत नाही, म्हणून मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

मी विचारलं, "काका, भीती किती वाटते? शंभरात सांगा." आमचं हे मापच आहे, शून्य म्हणजे निवांत, शंभर म्हणजे आता प्राण जातो.

"तशी काही फार नाही," काका म्हणाले.

"म्हणजे किती?"

"चाळीस असेल."

चाळीस! आणि हाताकडे बघाल तर खुर्चीचा दांडा उपटायच्या बेतात. आमच्या आयोवातली माणसं ही अशीच. गोठा वादळात उडून गेला तरी म्हणणार, वाईट नाही, गाई बाहेरच होत्या.

दोन भेटी बोलण्यात गेल्या. मी त्यांना सगळं शिकवलं. भीती चढते, शिगेला जाते, आणि आपण तिथेच थांबलो तर आपोआप उतरते. मध्येच पळायचं नाही. डोळे मिटायचे नाहीत. कुणी धीर द्यायचा नाही. आणि काका, भीतीनं कुणी मरत नाही. काकांनी खिशातल्या डायरीत सगळं टिपून घेतलं, दुधाचा हिशोब लिहावा तसं. आरशापलीकडून बाई खूश. म्हणाल्या, "छान. आता पुढच्या भेटीला खऱ्या लिफ्टमध्ये. आणि नियम ठाऊक आहे ना?"

ठाऊक नसायला काय झालं? आमच्या शाखेतला पहिला नियम! पेशंटला जे करायला सांगाल, ते आधी आपण त्याच्यासमोर करून दाखवायचं. कोळ्याची भीती असली तर आधी आपण हातावर कोळी घ्यायचा, घाणीची असली तर आधी आपण कचऱ्याच्या डब्याला हात लावायचा. आधी आपण, मग पेशंट. त्या आठवड्यात मी झोपलोच नाही म्हणा ना. तीन वेळा आजारी असल्याचा निरोप लिहिला आणि तीन वेळा पुसला, कारण दर वेळी ते गाडीचे दिवे आठवायचे.

तर गुरुवारी आम्ही शेतकी विभागाच्या इमारतीत. नऊ मजले, जुनी लिफ्ट, माणसांची वर्दळ नाही. बाहेर आरसा नसतो, म्हणून माझ्या कॉलरला टेप लावलेला. मी म्हटलं, "काका, बघा हं, मी एकदा वर जाऊन येतो." आत गेलो. दार बंद झालं. ते रबर... आणि तुम्हाला सांगतो, मी बटण दाबलंच नाही. तसाच उभा राहिलो, डोळे घट्ट मिटून, साठपर्यंत आकडे मोजले, मग दार उघडायचं बटण दाबलं आणि हसत बाहेर आलो. "झालं, काका."

काका वर त्या मजल्याच्या आकड्याकडे बघत होते. "हललीच नाही, पोरा."

"हलली की थोडी."

"आकडा एकावरच होता." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "किती आहे तुझी?"

"पस्तीस."

"हे बघ, मी चाळीस वर्षं गोठ्यागोठ्यांतनं फिरलोय. आजारी जनावर मला दारातनं कळतं. खरा आकडा सांग."

काय सांगू तुम्हाला... चार वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तोंडातून निघूनच गेलं, "ब्याण्णव, काका."

काकांनी एकदा लिफ्टकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझी अठ्ठ्याऐंशी." आणि जरा थांबून, "म्हणजे मी तुझ्यापेक्षा बरा आहे." बोलले आणि चक्क आत जाऊन उभे राहिले! दार हातानं धरून मला म्हणाले, "ये. ते एक म्हणायचं असतं ना, काय ते, भीतीनं कुणी मरत नाही. चल."

पुढची एकोणपन्नास मिनिटं. वर, खाली, वर, खाली. काका डायरी उघडून नियम वाचतायत. "डोळे उघड. मध्येच पळायचं नाही. आकडा?" मी म्हणतोय, "पंच्याण्णव, काका, दार उघडा." काका म्हणतायत, "धीर द्यायचा नाही असं लिहिलंय." तिसऱ्या फेरीला मी खाली फरशीवर बसलो. चौथ्या मजल्यावर एक प्राध्यापक आत आले, हातात मातीच्या नमुन्यांच्या डब्या. शिकाऊ डॉक्टर जमिनीवर, म्हातारा डायरी घेऊन त्याच्या डोक्याशी... त्या माणसानं काही विचारावं की नाही? छे! आमच्याकडे विचारत नाहीत. पाठ करून उभा राहिला, म्हणाला, "वारा सुटलाय आज." काका म्हणाले, "हो, जरासा." आणि तो सातव्याला उतरून गेला.

अकराव्या फेरीला मी विचारलं, कारण विचारायचं भान तेवढं शिल्लक होतं, "काका, तुमचा आकडा?" काका थांबले. खरंच स्वतःच्या आत डोकावून बघितल्यासारखे. म्हणाले, "वीस." मग म्हणाले, "तू बस इथे. मला आता तिकडे जायचंय." आणि गेले. थेट रस्त्यापलीकडच्या इस्पितळात! मी धावत मागून, ते लिफ्टनं वर, मी जिन्यानं. आठव्या मजल्यावर पोचलो तेव्हा मला बोलता येईना. काका काकूंचा हात हातात घेऊन बसले होते आणि दुसऱ्या हातानं त्यांना चमच्यानं पुडिंग भरवत होते. काकूंचं अर्धं तोंड हसत होतं. मी दारातच उभा राहिलो आणि रडलो. टेप चालू होता, पण रडलो.

बुधवार उजाडला. सगळ्यात वाईट दहा मिनिटं निवडायची, तर निवडू कुठली? एकोणपन्नासच्या एकोणपन्नास मिनिटं लावावी लागली. खोलीभर माझाच आवाज, "काका, दार उघडा ना..." मला वाटलं, आता भीतीनं कुणी मरत नाही याला पहिला अपवाद आपणच. बाईंनी विणकाम खाली ठेवलं. चार वर्षांत पहिल्यांदा ठेवलं. म्हणाल्या, "टॉबिन, पेशंट तीन भेटींत बरा झाला. असं मी क्वचितच पाहिलंय. पण इथे उपचार कोण करत होतं?"

मी म्हटलं, "काका."

"आणि तू चार वर्षं काय टाळलंस?"

मी खाली मान घालून त्यांना सगळं सांगितलं, घड्याळासकट. मला वाटलं, काढणार आता. पण बाई म्हणाल्या, "भीती आहे म्हणून कुणाला काढत नाहीत रे. पण उपचार न घेता तू दुसऱ्याला लिफ्टमध्ये नेणार नाहीस. आधी स्वतः नाव नोंदव, कुणाकडे ते कागदावर आण, मग मी सही करते. एक नोव्हेंबरच्या आत."

हातात नऊ दिवस! मी जिल्ह्याच्या हेल्पलाइनला फोन लावला, तिथे डॉक्टरांची नावं सुचवतात. पलीकडे एक बाई, फार प्रेमळ. "लिफ्टची भीती? थांबा हं, बघते... एक डॉक्टर आहेत, पण सव्वाशे मैलांवर, आणि ते बसतात चौदाव्या मजल्यावर."

"दुसरं कुणी?"

"एक आहेत, पण मार्चपर्यंत त्यांच्याकडे जागा नाही. अहो, पण तुमचं नशीब बघा, इथेच आहे की एक! विद्यापीठाच्या दवाखान्यात. शिकाऊ मुलगा आहे, पण हाताला गुण आहे म्हणे. एका म्हाताऱ्याला तीन भेटींत बरं केलं, ते गृहस्थ परवा मुद्दाम फोन करून सांगत होते, त्या पोराचं नाव यादीत वर घाला म्हणून. गुरुवारी अकराची वेळ रिकामी आहे त्याची. लिहू?"

नऊ दिवस, चौदावा मजला, मार्च...

"लिहा," म्हटलं.

"नाव?"

"टॉबिन रीस."

बराच वेळ नुसता टाइप केल्याचा आवाज. मग बाई म्हणाल्या, "अहो, तुमचंही नाव तेच आणि डॉक्टरचंही तेच. कागदावर घोळ होईल हो."

मी म्हटलं, "होऊ द्या बाई. तुम्ही वेळ लिहा, आम्ही दोघं आपसांत बघून घेऊ."