जड बॅरलची रायफल आणि आमचे सर

नेमबाजी मंडळाच्या अध्यक्षा आदरणीय शिवलीलाताई, व्यासपीठावरील ज्येष्ठ मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आज मन तयार होत नाही ते आमचे प्रशिक्षक ईश्वरप्पा सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या गुरम्माकाकू आणि माझ्या नेमबाज बंधुभगिनींनो, सर्वांना मायाक्काचा नमस्कार.

सर निवृत्त होऊन आपल्या गावी, दुधनीला निघालेत. मला त्यांच्या गुणांवर बोलायला सांगितलंय. पण डोळे मिटले की मला एकच दुपार दिसते. तेवढीच सांगते.

तुम्ही ऊन चढल्यावर तीनशे मीटरवरचं लक्ष्य कधी पाहिलंय का? सोलापूरच्या उन्हात ते जागेवर राहतच नाही. पाण्यावर ठेवल्यागत हलतं, वर येतं, विरतं. झोपून बघत राहिलं की आपणही हळूहळू तरंगायला लागतो. मला त्या तरंगण्याचंच वेड लागलं होतं. माळावर मेंढरांमागं वाढलेली पोर मी, लांबचं बघायची सवय जन्माची. पन्नास मीटरवर माझा जीव रमेना.

मंडळ एकच रायफल घेणार होतं. चाचणीला दोन आल्या होत्या. एक हलकी, सगळ्यांच्या हाताला बरी. दुसरी जाड, जड बॅरलची. माझ्या वडिलांनी, आबांनी, ती उचलून बघितली. म्हणाले, "लई जड हाय की गं, कुणी उचलायची ही?"

सर म्हणाले, "उचलायची कुठाय? झोपून, टेकू देऊन मारायची. पातळ बॅरल चार गोळ्यांत तापतं अन् भरकटतं. जाड बॅरल दम धरतं."

ती जड रायफल आली तर तीनशे मीटर सुरू होणार, नाहीतर मंडळ पन्नासवरच थांबणार. माझा सगळा जीव तिच्यात अडकला होता.

मध्ये खंडेनवमी आली. सरांनी दोन्ही रायफलींची साग्रसंगीत पूजा केली. गंध, झेंडू, कुंकवात भिजवलेल्या अक्षता. गुरम्माकाकूंनी आरती म्हटली, आम्ही पेढे खाल्ले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कमिटीसमोर चाचणी झाली, दोन्ही रायफली मीच चालवल्या. हलकीच्या गोळ्या जरा पसरल्या, पण चालण्यासारख्या. मग जड रायफल. मागून सरांचं नेहमीचं कानडी आलं, "निधान, मायाक्का." म्हणजे सावकाश. पहिल्या गोळ्या अगदी एकीजवळ एक. मग बॅरल तापलं आणि गोळ्या उजवीकडं चालू लागल्या, कळपातून फुटलेल्या मेंढरांसारख्या. सर दुर्बिणीतून बघत राहिले. मग ताईंकडं वळून म्हणाले, "मी शिफारस मागे घेतो. परत पाठवा."

त्यांच्या शब्दापुढं कोण बोलणार? कमिटी चहाला गेली. मला रडूसुद्धा येईना.

रायफल पेटीत ठेवताना सवयीनं मी बॅरल आणि खालच्या लाकडाच्या फटीत कागद सरकवला. बॅरल लाकडाला कुठं टेकता कामा नये, टेकलं की नेम गेला, ही सरांचीच शिकवण. कागद मध्येच अडला. आत एक लाल तांदूळ होता, वाळून घट्ट चिकटलेला; बॅरल तापून फुगलं की त्यावर टेकत होतं. हलक्या रायफलीची फट जेमतेम कागदापुरती, दाणा शिरलाच नाही, म्हणून ती सुटली.

तो दाणा खरवडून काढून मी सरांना दाखवला. "सर, ह्यो बगा." त्यांनी तो तळहातावर घेतला. रायफलीजवळ कुणी बिस्कीट खाल्लं तरी ओरडणारा हा माणूस, बरं का. त्यांचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. मी हळूच म्हटलं, "कुणाला सांगू नका. लाकूड फुगलं हुतं म्हनू की."

"न्हाय," सर म्हणाले.

ते तसेच चहाच्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दोष रायफलीत नाही. अक्षता मी टाकल्या, नंतर तपासलं नाही मी, आणि शिक्षा या पोरीला देत होतो."

ताईंनी कप खाली ठेवला. "मग तिला पुन्हा मारू द्या."

ऊन चांगलंच चढलं होतं. लक्ष्य तरंगत होतं, मीही तरंगत होते. गोळी सुटायची आणि मग सगळं निवांत व्हायचं. संपल्यावर जाऊन बघितलं, तर सगळी भोकं माझ्या एका पंजाखाली झाकली गेली.

पुढच्या महिन्यात राज्याच्या संघातून मी त्याच रायफलीनं उतरणार आहे. सर, रायफल पारखणारे पुष्कळ भेटतील मला. माझ्यासाठी चारचौघांत स्वतःचा मान खाली ठेवणारं दुसरं कोण भेटणार? तुम्ही माझ्यामागं उभे नसाल, आणि मला भीती वाटते. समारंभात असं बोलू नये, कळतं मला.

ताईंनी बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, मी तुमची आभारी आहे. हसतमुखानं निरोप द्यायचं ठरवून आले होते, ते काही जमलं नाही. तेवढी माझी चूक पदरात घ्या.