बंड्याच्या पिक्चरमधली माझी शिवी

परत तोच किस्सा? चहा पाजताय म्हणून सांगतो. आमच्या दिंडोशीच्या चाळीतल्या बंड्याने दोन मित्रांवर कॉमेडी पिक्चर काढला. हिरोंचं जेवण त्याच्या आईच्या हातचं, इतकं स्वस्तातलं काम. शूटिंगचं मला कोणी बोललंच नाही. दोन पोरं माझे वाळत घातलेले बोंबील उचलताना दिसली, तसा झाडू घेऊन धावलो. "मेल्यांनो, बापाने सुकत घातलेत काय?" कॅमेरा चालूच होता, बंड्याने तेच पिक्चरमध्ये ठेवलं. इतकी वर्षं झाली, लोक अजून बघतात.

परवा पाणी नाही म्हणून चाळीच्या सेक्रेटरीवर ओरडलो, तर तो हसायलाच लागला. "काका, परत बोला ना, मोबाईल काढतो."

मी खरा भांडतो त्यात हसण्यासारखं काय, मला कळत नाही. नळाला अजून पाणी आलं नाही. आणि माफी मागायला आला नाही तो बंड्या.