धुक्याला दहापैकी तीन

—नाही, आता बोलायचं नाही, बाई. तो मसाला घट्ट होईपर्यंत पाच मिनिटं दात असेच रुतवून ठेवायचे — हो, अस्सेच — श्वास नाकानं घ्या, आणि लाळ गळली तर खुशाल गळू द्या, त्यासाठीच गळ्याशी रुमाल बांधलाय. दाढेच्या कॅपचं माप म्हणजे नाजूक काम, जरा हललात की सगळं पहिल्यापासून. बोलायला मी आहे ना. पेशंट म्हणतात, डॉक्टर, तुम्ही बोलायला लागलात की दात कंटाळून आपण होऊन बाहेर येतो. चेष्टा करतात. पण समजावून सांगावं तर तुम्हीच, असंही तेच म्हणतात हां. दात म्हणजे किल्ला, कीड म्हणजे शत्रू, ब्रश न करता झोपणं म्हणजे शत्रूला दार उघडून देणं — चोवीस वर्षं सांगतोय, एकानं उलटून शंका काढलेली नाही.

आता तुम्ही आमच्या ठकूच्या वर्गशिक्षिका, आयत्या या खुर्चीत बसला आहात, म्हणून विषय काढतो. मुद्दाम नाही काढत. पण निघालाच आहे तर — ते धुकं. निसर्गातली एखादी घटना घ्या आणि ती कशी घडते ते एका पानात समजावून लिहा, असं तुम्ही वर्गाला सांगितलंत. ठकूनं धुकं घेतलं, पानभर लिहिलं, आणि तुम्ही दिलेत तीन. दहापैकी तीन. बरं, गुणांचं मी काही म्हणत नाही, गुण काय, आज कमी उद्या जास्त. पण समासात लाल पेनानं जे लिहिलंय — 'कशामुळे?' दोन ओळी झाल्या की परत 'कशामुळे?' सात वेळा, मी मोजलं. आणि खाली शेरा, 'धुकं सुंदर दिसतं हे कळलं. ते पडतं कसं?' आता मला सांगा, म्हणजे नंतर सांगा — 'पहाटेच्या कुशीत धरणी शुभ्र दुलई ओढून निवांत पहुडलेली असते' — या वाक्यात काय कमी आहे? चौथीतल्या पोरीनं 'पहुडलेली' लिहावं, याचं काहीच नाही? दुलई शब्द सुचायला मला चांगली दहा मिनिटं — तिला. तिला दहा मिनिटं लागली. मी समोर पेपर वाचत बसलो होतो, म्हणून माहीत.

भुवया वर करू नका, हनुवटी हलते.

बरं, जरा मदत केली. कोणता बाप करत नाही? शब्द थोडे इकडचे तिकडे केले, सुरुवात जरा भारदस्त केली, आणि मधलं — मधलंही केलं. शेवट तिचाच आहे. म्हणजे पूर्णविराम तिनं दिला. हसू नका हो बाई, कृपा करा, खांदे हलले की तोंडातला मसाल्याचा ट्रे हलतो आणि मग तुमच्या दाढेला शेजारणीची कॅप बसेल. मी आपलं खरं ते सांगतोय. आमच्या हिनंही वाचून हेच विचारलं होतं, की छान आहे, पण यात धुकं कुठून आलं? मी म्हटलं, तुला वाङ्मयातलं कळत नाही. ती पोळ्या लाटायला गेली, आणि त्या दिवशी लाटणं जरा जोरातच चाललं होतं.

तर तुमचा शेरा आला आणि माझं डोकंच फिरलं. मी ठरवलं, बाईंना एकदा समजावून सांगायचं की समजावणं म्हणजे काय. म्हणून पान समोर घेतलं आणि तुमच्या पहिल्या 'कशामुळे?'चं उत्तर मनात जुळवायला बसलो. धुकं पडतं — कशामुळे? थंडीमुळे. थंडीमुळे म्हणजे कशामुळे? आणि तिथे, बाई, माझी गाडी जी अडकली ती अडकलीच. अर्धा तास बसलो. चहा गार झाला. दुलई आठवे, कुशी आठवे, पुढचं काही येईना. चोवीस वर्षं मी लोकांना समजावतोय आणि शंका कुणी काढली नाही, यात माझी काही करामत नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं — त्यांच्या तोंडात माझी दोन दोन बोटं असतात, ते शंका काढणार कसे?

आणि खरी गंमत अजून पुढे आहे. गंमत कसली — म्हणजे ऐका. ठकूनं आधी स्वतः लिहिलं होतं. माझ्या पानाच्या आधीचं पान. ते मी — मीच फाडायला लावलं. तिनं काय लिहावं? 'माझ्या बाबाकडे दात बघायचा छोटा आरसा आहे.' धुक्याच्या निबंधात हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, अगं, लोकांच्या लाळेतला आरसा शाळेच्या वहीत कशाला, बाई काय म्हणतील? पुढे वाचलंसुद्धा नाही नीट. परवा तेच पान तिच्या कंपासपेटीत घडी घालून ठेवलेलं सापडलं. मला पाठच झालंय आता. 'आरसा गार असतो. माणसाच्या श्वासात वाफ असते, ती डोळ्यांना दिसत नाही. ती गार आरशाला लागली की गार होते आणि तिचे बारीक बारीक थेंब होतात, म्हणून आरसा धुरकट होतो आणि बाबाला दात दिसत नाही. रात्री जमीन गार होते, म्हणून तिच्याजवळची हवा गार होते, म्हणून हवेतल्या वाफेचे तसेच थेंब होतात. पण ते आरशासारखे कशाला चिकटत नाहीत, हवेतच राहतात. त्याला धुकं म्हणतात. ऊन आलं की थेंबांची परत वाफ होते. बाबा तोंडात घालायच्या आधी आरसा कोमट पाण्यात बुडवतो, तो पण धुकं येऊ नये म्हणूनच.'

मी रोज बुडवतो, बाई. दिवसातून तीस वेळा. माझ्या सरांनी शिकवलं म्हणून बुडवतो. का बुडवतो ते मला दहा वर्षांच्या पोरीनं सांगितलं, आणि मी ते पान फाडायला लावलं. एका ओळीतून पुढची ओळ निघते, कुठेही अडायला होत नाही — तुम्ही सातदा विचारलंत त्याची सातही उत्तरं त्यात आहेत. दुलई नाही, एवढंच.

आता उद्याचं. ज्यांना पाचाच्या खाली गुण, त्यांनी उद्या वर्गासमोर उभं राहून तोंडी समजावून सांगायचं, असं तुम्ही म्हणालात. बरोबरच आहे तुमचं. काल जेवताना ठकूजवळ विषय काढला. मी म्हटलं, अगं, तुझं सांग ना, आरशाचं, तुला तर येतंय. तर म्हणते, "नको. बाई विचारतील, मग हे वहीत का नाही लिहिलंस. मग तुझं नाव सांगावं लागेल." मी म्हटलं, सांग की. तर म्हणते, "त्या तुझ्याकडे दातांना येतात, बाबा. त्यांना वाटेल, तुला काही येत नाही. त्यापेक्षा मी सांगते, मला धुकं येत नाही."

शांतपणे म्हणाली. वरण वाढून घेता घेता.

— हां. पाच मिनिटं केव्हाच झाली, मघाशीच झाली, ते घड्याळ मलाही दिसतंय. आणि आता सगळं सांगितलंच आहे तर हेही सांगतो, हे माप आज घ्यायलाच हवं होतं असं काही नाही, पुढच्या आठवड्यात घेतलं असतं तरी चाललं असतं. पण तुमचं तोंड मोकळं असतं तर पहिल्याच वाक्याला तुम्ही मला काहीतरी विचारलं असतं, आणि मी पुन्हा तिचंच नाव पुढे केलं असतं. मला ओळखतो मी. — सोडा आता दात, सैल सोडा. थोडं खेचल्यासारखं होईल. हं, आलं. माप छान आलंय, हसलात तरीसुद्धा. घ्या, चूळ भरा.

नाही, बोलू नका. आत्ता नका काही बोलू, मला ऐकवणार नाही. ते तीन आहेत ते माझे, ते तसेच राहू द्या, एखादा कमी केलात तरी चालेल. तिचे उद्या तिचं ऐकून द्या. आणि वहीत का नाही लिहिलंस, हे तेवढं तिला विचारू नका, बाई. त्याचं उत्तर तुम्हाला मिळालंय.

पर्स राहतेय तुमची. दार लोटून घ्या, आणि बाहेर कोण बसलंय त्यांना आत पाठवा.