उघडी खिडकी

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायला अवकाश होता. मनगट बांधलेल्या वायरमनशेजारी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीच्या पायाला प्लास्टर, दुसरीच्या मांडीवर तिची पिशवी.

"बहिणी का हो तुम्ही?" त्याने विचारलं.

"छे. आमचं मुळीच पटत नाही," प्लास्टरवाली म्हणाली. "चर्चमध्ये ही माझ्या मागच्या बाकावर बसते. अकरा वर्षं झाली, दर रविवारी मी खिडकी लावते आणि ही उघडते."

"मला गुदमरायला होतं."

"आणि मला सर्दी होते."

"पडलात कशा, मावशी?"

"रविवारी चर्चला निघायच्या गडबडीत न्हाणीघरात पाय घसरला. मी एकटीच राहते. हाका मारून मारून घसा बसला."

"इकडे चर्चमध्ये दोन गीतं झाली, प्रवचन सुरू झालं, तरी खिडकी आपली उघडीच. माझं लक्ष लागेना. ही बाई जिवात जीव असेपर्यंत खिडकी उघडी सोडायची नाही. चौघांना उठवलं आणि हिचं दार तोडलं."

"कडी अजून बसवून दिलेली नाही."

"बघा. हे आमचे आभार."

"आभार देवाचे मानते मी, रोज. हिचे मानले तर डोक्यावर बसेल."

"आता रविवारचं कसं करता?"

"हीच येते न्यायला. एक रविवार बुडवू देत नाही."

"आणि खिडकी?"

"परवा मुद्दाम लावली नाही. म्हटलं, घेऊ दे बाईला वारा."

"मीच उठून लावली," पिशवीवाली म्हणाली. "उघडी आता बघवत नाही मला."