पट्ट्याचा वास

पट्ट्याला काडी लाव, पण इंटरव्ह्यूच्या दिवशी नको रे बाबा!

गिरण्यांचा संप चालू, बाबा घरी बसलेले, सगळ्यांचे डोळे माझ्या वायरमनच्या नोकरीवर. निघताना बाबांनी माझ्या नव्या लेदरच्या पट्ट्याच्या कडेला काडी लावली. म्हणाले, “चामडं खरं असेल तर केस जळल्यासारखा वास येईल.”

आला जळक्या प्लास्टिकचा! दुसरा पट्टा नव्हता, तोच घालून गेलो.

इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबांनी हवेत हुंगलं. “वायरिंग जळतंय कुठेतरी. शोधून दाखव, हाच तुझा इंटरव्ह्यू.”

पोटावर फाइल दाबून मी खोल्याखोल्यांतून फिरलो. साहेब माझ्या मागोमाग. शेवटी तेच घाबरले, “अरे, हे तर सगळीकडेच जळतंय!”