दोन पानांची गावपळण

हॅलो? … हॅलो, सुगंधा? … अगं, मी प्रेमलता. … नाही, आचऱ्यात आज माणूसच नाही. खाडीच्या अलीकडच्या पोस्टातून बोलतेय.

गावपळण ना! देवाचा कौल झाला की तीन दिवस अख्खं गाव वेशीबाहेर. … हो, सगळे. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. … झावळ्यांच्या राहुट्या बांधल्यात. आई काजूच्या झाडाखाली मजेत झोपलीय.

आणि समोर गाव. खिडकीतून दिसतंय मला. धूर नाही, हाक नाही, माडांच्या सावल्या तेवढ्या अंगणाअंगणांतून हलतायत. आपणच आपल्याला सोडून लांब येऊन बसल्यासारखं वाटतं गं. मघाशी बघत बसले आणि इथे कशाला आले तेच विसरले.

हो, हो… कामाचंच बोलते. पळणीवरची माझी दोन पानं मिळाली? … आणि सर काय म्हणाले? … 'पुस्तकात घालू'? आणि पुस्तक कधी? … तीन जिल्ह्यांची पाहणी झाल्यावर! तोवर आपल्या वेण्या पांढऱ्या होतील.

अगं ऐक ना. गाव सोडायच्या आधी मी एकच गोष्ट विचारली घरोघर. पळणीचा दिवस ठरल्याचं पहिल्यांदा कधी ऐकलं आणि गाठोडी कधी बांधायला घेतली. बस. … तेच तर! बहुतेक घरं पहिल्यांदा ऐकून ढिम्म. दुसऱ्या कुणी येऊन तेच सांगितलं, तेव्हा कुठे हलली. … देवाचं असूनसुद्धा!

का, ते मला ठाऊक नाही. 'ठाऊक नाही' असंच लिहिलंय. … लेख लहान आहे म्हणून काय झालं? जाड पुस्तकाशी कोण भांडणार? दोन पानं असली की देवगडचा कुणी वाचेल, आपल्या गावात विचारून बघेल. म्हणेल, 'बाई, आमच्याकडे असं नाही.' म्हणू दे की! तेवढ्यासाठीच तर छापायचं.

काय दाजी? … वायच थांबा हां, झालाच. … पोस्टमास्तर गं. वेळ संपली म्हणतात. … होय दाजी, आणि वाढवा.

घाई का? अगं, वादळाची सूचना रेडिओवर येते ती एकाच तोंडून. होड्या जायच्या त्या जातात. … बंदरावरचे साहेब म्हणतात, छापील काही दाखवा, मग रेडिओनंतर गावात दवंडीची मंजुरी आणतो. माझ्या तोंडी सांगण्याला किंमत नाही, कागदाला आहे. आणि आपल्या संशोधन केंद्राचं पत्रक आज छापखान्यात जातंय. … सर दिल्लीला आहेत ना? मग तुझ्याच हातात आहे. … ओरडतील. ओरडू देत.

… कुठली घरं? … हां, ती. पहिल्याच सांगण्यावर उठलेली. … नको, गाळू नकोस! … आकडा देखणा दिसेल म्हणून? जुळत नाहीत त्यांनाच गाळायचं, तर मग विचारायला गेले कशाला मी?

… वेगळं म्हणजे… त्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी समुद्रावर गेलंय. परत न आलेलं. … नाही, ते कारण म्हणून लिहू नकोस. मूठभर घरं ती, तेवढ्यावरून सांगता येत नाही. … मला कसं ठाऊक?

… त्यातलं एक आमचं आहे, सुगंधा.

… दत्ताराम. थोरला भाऊ. … कधी बोलले नाही मी. … रेडिओ आमच्याच ओटीवर होता गं. त्याने ऐकलं. हसला. 'तो रेडिओवालो खंय इलो आमचो समुद्र बघूक?' म्हणाला आणि होडी लोटली. … दुसरं कुणी काही बोललंच नाही त्याला. फार आठवण येते. आज तर रिकाम्या गावात तोच एकटा हिंडतोय असं वाटतंय.

… काय? … आजच देतेस? खरंच? … सगळी, ती घरं धरून? … कोपऱ्यात घाल गं, कुठेही. आणि आमचं घर मोजणीत आहे, तेही लिही. नाहीतर लबाडी होईल. … नाव नको. तिथे नावं नसतात.

… आईला ना? दाखवीन. वाचता येत नाही तिला. त्या आकड्यावर तिचं बोट ठेवीन आणि सांगेन, 'आये, ह्यात आपलो दत्ताराम आसा.'

… हो. ठेवते गं.