हिराबाईंच्या गोधडीवरची झोप

नवीन पनवेलच्या प्रदर्शनातली गोष्ट सांगते, दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्या बचत गटाचा गोधड्यांचा स्टॉल होता आणि दुपारपर्यंत एकही खपली नव्हती. गटातल्या हिराबाईंच्या घरी तर ठरलंच होतं, या वेळी नाही विकली तर शिवणकाम बंद, कोळंबी सोलायला जायचं.

तेवढ्यात एक नर्सबाई आल्या, रात्रपाळीला जोडून सकाळची पाळीही संपवून परस्पर.

“मऊ आहे का हो?”

“पडून बगा ना,” हिराबाईंनी स्वतःची गोधडी चटईवर अंथरली.

बाई हसत आडव्या झाल्या, अर्धी गोधडी अंगावर ओढली आणि खरंच झोपल्या. पंखा संथ फिरत होता. जुन्या लुगड्यांची फुलं त्यांच्या श्वासाबरोबर वरखाली होत होती. नकळत आम्ही सगळ्या कुजबुजत बोलायला लागलो.

एक जोडपं आलं, त्यांना नेमकी तीच गोधडी हवी होती. मी बाईंना उठवायला वाकले, तर हिराबाईंनी माझा हात धरला. “नको. झोपलीय ती.”

जोडपं निघून गेलं. मी कपाळावर हात मारला.

तासाभराने बाई दचकून उठल्या. “अहो, मला उठवलं का नाही?”

हिराबाई लाजल्या. “इकली का, गोधडी जाते लोकांच्या घरी. तिच्यात कोन कसा झोपतंय, ते आमाला कवा बगाला मिलतं?”

 बाईंनी गोधडीची घडी घालून ती छातीशी धरली.

“ही माझी. आणि माझ्या आईसाठी अजून एक शिवाल?”